आमच्या खोलीत तिघेच राहतात

६ नोव्हेंबर, गुरुवार. हॅम्बुर्ग.
पोहोचलो. खोली छान आहे. जरा आटोपशीर. पलंगावरून उतरलं की थेट दार. बॅग उघडायची तर बाकीच्यांनी पलंगावर चढून बसायचं, एवढंच.

घर मिळेपर्यंत ऑफिसने हे हॉटेल दिलंय. खोलीत जास्तीत जास्त तिघं चालतात. आम्ही चौघं. मी, क्षितिजा, राज आणि रोशन. पण पोरं जुळी, दोन वर्षांचीही नाहीत, आणि हुबेहूब. शिवाय उत्तनहून सासूबाईंनी एकाच कापडातले दोन-दोन जोड शिवून दिलेत. रिसेप्शनवर सांगून टाकलं, एकच मूल. रोशनला घेऊन क्षितिजा मागून वर आली. दोघं एकत्र दिसली नाहीत म्हणजे झालं. चार दिवसांत फ्लॅट घेतोच.

क्षितिजा म्हणाली, प्रणित, हे मला बरोबर नाही वाटत. मी म्हटलं, आपल्या बेव्हर्ली पार्कच्या घरी पाहुणे आले की वन बीएचकेमध्ये सात जण झोपतो आपण. ती म्हणाली, तिथे कोणाला लपवत नाही.

रोशनला बाथटबमध्ये उशा घालून झोपवलं. ऐसपैस.

८ नोव्हेंबर, शनिवार.
सिस्टिम मस्त बसलीय. आधी क्षितिजा राजला घेऊन खाली जाते. थोड्या वेळाने मी रोशनला घेऊन. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर भेटायचं. येताना तसंच.

रिसेप्शनच्या रेनाटेबाईंनी आज विचारलं, तुमचा मुलगा आत्ताच बाहेर गेला ना? म्हटलं, हो, फार चपळ आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. पटलं त्यांना. इथले लोक भोळे आहेत.

एक रडला की दुसऱ्याला गप्प करायची धावपळ होते, कारण दोन आवाज ऐकू आले तर? म्हणून टीव्ही मोठा लावतो. मग शेजारचा भिंतीवर ठोकतो. शेजार चांगला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार.
पहिला फ्लॅट पाहिला. आवडला. आमच्यासारखे बरेच जण आले होते, रांग जिन्यापर्यंत. एजंटने विचारलं, किती जण राहणार? तोंडून निघालं, तीन. क्षितिजाने माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाली, इथे कशाला खोटं बोललास? म्हटलं, सवय लागली की चूक होत नाही.

एजंटचा फोन येईलच.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
नाही आला. बिझी असेल.

पोरं काही खात नाहीत. ब्रेड थुंकतात, चीज भिंतीला लावतात. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. म्हणाल्या, जावई, पोरांच्या पोटात काय हाय का न्हाय? मी कॅमेरा खिडकीकडे वळवला, म्हटलं, बघा, इथून बंदर दिसतं.

फोन ठेवल्यावर क्षितिजाने शांतपणे सांगितलं. रविवारपर्यंत घर मिळालं नाही तर ती दोघांना घेऊन उत्तनला माहेरी जाणार. मी हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन टबाच्या कडेवर बसलो. भीती वाटली. मी एकटा इथे राहूच शकत नाही. म्हणजे राहू शकतो, पण तशी वेळ येणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ.
आयडिया! बॅगेत सासूबाईंनी दिलेले सुके बोंबील आहेत. पोरांच्या जिवाभावाचे. केटलमध्ये मऊ भात लावलाय. बोंबील इस्त्री उलटी ठेवून भाजणार. छतावरच्या फायर अलार्मला शॉवर कॅप घातली. शेवटी इंजिनियर आहे.

क्षितिजा राजला घेऊन खाली गेलीय. रोशन टबात झोपलाय. पोरं जेवली की ती उत्तनचं नाव काढणार नाही.

त्याच दिवशी. दुपार.
 झालं ते लिहितो.

खोलीतला अलार्म वाजला नाही, याची नोंद घ्यावी. धूर फार झाला म्हणून मी दार उघडलं. कॉरिडॉरमधला वाजला. सगळे बाहेर पळायला लागले. हॉटेलचा माणूस दारात येऊन ओरडला, चला, जिन्याने खाली. मी इस्त्रीचा प्लग काढला, बाथरूमचं दार लोटून घेतलं आणि गेलो. म्हटलं, आग कुठंय, बोंबील तर आहेत. लगेच वर येऊ. दोन पोरं एकत्र दिसली तर खोली जाईल. खोली गेली तर क्षितिजा जाईल. डोक्यात तेवढंच होतं.

रेनाटेबाईंची आज सुट्टी. रस्त्यावर त्या माणसाने विचारलं, तुम्ही, बायको, बाळ, सगळे बाहेर आहात? म्हटलं, हो. तिघंही.

क्षितिजाने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. रोशन कुठंय? मी म्हटलं, हळू बोल. ती हळू बोलली नाही. टू बेबीज, टू बेबीज, असं किंचाळत ती दाराकडे धावली. तिला दोघा माणसांनी धरलं. कडेवर राज रडत होता. माझा पाय उचलेना.

फायर ब्रिगेडच्या माणसाने रोशनला आणलं. ठणठणीत होता. टबातून स्वतःच उतरून इस्त्रीपर्यंत पोचला होता. हातात बोंबील. आठवड्यात पहिल्यांदाच मन लावून खात होता.

म्हटलं, बघ, खातोय. क्षितिजाने रोशनला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
प्रश्न सुटला! रेनाटेबाईंनी मोठी खोली दिली. दोन पाळणे आधीच लावलेले. म्हणाल्या, दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. एकाच्या कानामागे तीळ आहे, दुसऱ्याच्या नाही. मागितली असतीत तर तेव्हाच दिली असती.

तीळ मला माहीत नव्हता. तपासलं. रोशनला आहे.

क्षितिजाला म्हटलं, आता मनासारखी जागा झाली ना? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. कपाटात नाही, बॅगेत.

१६ नोव्हेंबर, रविवार.
एअरपोर्टवर सोडून आलो. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. काचेपलीकडून एकाने हात हलवला. राज होता. बहुतेक.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
खोली प्रशस्त. भिंतीवर कोणी ठोकत नाही. झोप लागली नाही, ती या शांततेमुळे. आता वेळच वेळ आहे. चार दिवसांत फ्लॅट घेतोच.

नाश्त्याला रेनाटेबाईंनी विचारलं, किती जण?

म्हटलं, चार.

त्यांनी खिडकीजवळचं मोठं टेबल दाखवलं.