खडूची पेटी परिचारिकाबाईंना

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौपन्न, व्यवसाय संस्कृत शिकवणे, प्रथम अशी तक्रार नोंदवतो की मेहुण्याने माझी छत्री धडधाकट नेली आणि तीन काड्या मोडून परत आणली. बाब क्षुल्लक आहे असे पत्नीचे मत. छत्री तिची नव्हती. एरवी माझी बुद्धी शाबूत असून दडपण कोणाचेही नाही. उद्या सकाळी आम्ही रुग्णालयाच्या फाटकासमोर पुन्हा बसणार आहोत, आणि या खेपेस पाडकामाच्या ठेकेदाराची माणसे काठ्या घेऊन येतील, असा निरोप त्याने अगत्याने धाडला आहे. म्हणून माझ्यामागची ही व्यवस्था.

१. घर पत्नीस. पुस्तके मुलीस; वाचलीच पाहिजेत अशी अट नाही, रद्दीत घालू नयेत.

२. मोडकी छत्री मेहुण्यास, आणि याखेरीज त्यास काडीही नाही. कारण असे. बाळंतपणाचा विभाग पाडून दुकाने काढायचे ठरले तेव्हा आम्ही बारा दिवस बसलो. नियम तीन: तोंड बंद, हात मांडीखाली, आणि मी खडूने आखलेल्या दोन रेघांमधली वाट रुग्णांसाठी मोकळी. बाराव्या दिवशी रुग्णालयाचे साहेब बोलणी करायला कबूल झाले. तेराव्या दिवशी मेहुण्याला स्फुरण चढले.

"भावजी, नुसतं बसून काय होणार? मी गाडीच अडवतो!"

"खाली बस, शहाण्या!"

बसला. रेघांच्या मधोमध, साहेबांच्या मोटारीपुढे. मोटारीमागे रुग्णवाहिका, आत अडलेली बाई. सात मिनिटे गेली. बाई आणि मूल सुखरूप आहेत. आमची बाजू मात्र गेली. रुग्णवाहिका अडवणारे म्हणून आमचा फोटो गावभर झाला, बोलणी मोडली. मेहुणा अजून म्हणतो, "पण फोटोत मी बरा दिसतो, नाही?"

३. खडूची पेटी त्याच विभागातल्या परिचारिकाबाईंस. मी नुसता ओरडत होतो. त्या मेहुण्याशेजारी जाऊन बसल्या. "दादा, आत बाई अडलीय. चला, मीपण उठते." तो उठला. उद्या मी आडवा झालो तर रेघ त्यांनी आखावी. रुग्णवाहिकेची रुंदी, वर दोन हात.

४. माझी चटई समोरच्या वकीलसाहेबांस देणार होतो; बारा दिवस त्यांनी गच्चीतून आम्हांस नैतिक पाठिंबा दिला. पण मृत्युपत्राच्या साक्षीदाराला काही घेता येत नाही, असे ते सांगतात. बसण्यातून सुटायची वाट त्यांना कायद्यात बरोबर सापडते.

५. ठेकेदारास काही नाही. शिव्या देववाणीतसुद्धा येतात, पण पहिला नियम माझाच.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर. दिनांक: बसण्याचा आदला दिवस, दुपारी चार.
सही: संस्कृतचे मास्तर
साक्षीदार: १. समोरचे वकील. २. शाळेचे लेखनिक.

सह्यांखालचा मजकूर कायदा धरत नाही, म्हणून हे इथे लिहितो. काठ्यांची भीती वाटते, पण ती सोसेल. उद्या पत्नी माझ्या शेजारी बसणार आहे. काल बसण्याच्या सरावात तिला विचारले, "तुला कोणी मारलं तर?" म्हणाली, "अहो, तुम्ही तेवढे हात काढू नका." चाळीस माणसांना मी हात मांडीखाली ठेवायला शिकवले. माझे राहतील की नाही, मला माहीत नाही.