गुडघाभर पाणी

माय, रविवारी मी तुझा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. काकी आणि मामी सोबत होत्या. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. मधल्या काळात तुला सांगण्यासारखं खूप घडलं, पण कधी लिहायला बसलो नाही. हे मात्र आतल्या आत ठेवता येत नाही. तू जिंकलीस. उशिरा का होईना, भर टॉकीजमध्ये, टाळ्यांच्या आवाजात जिंकलीस.

आमगावची आपली टॉकीज आता नाही, तिथं सिमेंटचं गोदाम आहे. त्याच मार्गावरच्या गाडीवर मी कंडक्टर आहे, आणि संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला घंटीची दोरी ओढण्याआधी माझी नजर आपसूक त्या गोदामाकडे जाते. तुम्ही बाया तिथूनच धावत यायच्या. दुपारी तीनचा खेळ सहाला सुटायचा आणि आपल्या गावाची शेवटची गाडी पावणेसहाला निघायची. त्यामुळे इंटरव्हलनंतर तुमचा एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा घड्याळ घातलेल्या शेजारच्या माणसावर. "भाऊ, किती वाजले?" साडेपाच म्हटलं की अंधारात पायांनी चपला चाचपडायच्या. सिनेमा देवाचा असो की नसो, तू आत बसताना चपला काढून ठेवायचीस आणि बाकीच्या तुझं पाहून काढायच्या. मग पिशव्या उचलून पळापळ. म्हणजे आपल्या गावातल्या एकाही बाईनं एकाही सिनेमाचा शेवट कधी पाहिलेला नव्हता. शेवट दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत मिळायचा, तुझ्या तोंडून.

रोवणीच्या रांगेत तू मधोमध असायचीस, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जावं. पाठीवर मेणकापड, हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची पेंडी, कमरेत वाकलेल्या पंधरा-वीस बाया चिखलात एकेक पाऊल मागे सरकताहेत आणि तू सांगते आहेस. सकाळी सुरू केलेला सिनेमा जेवणाच्या सुट्टीपर्यंत इंटरव्हलला यायचा. सासूचं पात्र आलं की काकीचा हात जोरात चालायचा, आणि मामी मधेच ओरडायची, "थांब वं, माह्यी पेंडी सरली, तिले आताच नोको मारू." तू थांबायचीस. पेंडी आली की सासू पुन्हा बोलायला लागायची.

माझ्या अकरावीच्या वर्षी आमगावच्या टॉकीजला तो जुना काळा-पांढरा सिनेमा पुन्हा लागला. नदीकाठचं घर, संशय घेणारा नवरा, भिंतीसारखी सासू. शेवटी ती बाई हातात दिवा घेऊन नदीच्या काठावर उभी राहते, आणि तिथंच तुमचे साडेपाच वाजले. दुसऱ्या दिवशी बांधीत तू पुढचं सांगितलंस. ती पाण्यात उतरते. पाणी घोट्याला लागते, पोटरीला लागते, गुडघ्याला येते, आणि तिथंच राहते. "आता रोवणीवाल्या बाईले गुडघाभर पाण्याचा कायचा भेव?" तू म्हणालीस. ती लुगडं वर खोचते आणि सरळ पलीकडे चालायला लागते. नवरा काठावरून बोंबलते, पण ती मागे नाही पायत, कारण पलीकडच्या काठावर रोवणी चालू आहे आणि तिले बायाइचं गाणं ऐकू येऊन राहिलं. सगळी रांग हसली. कोणीतरी चिखलाचे हात आकाशाकडे जोडले.

मी वसतिगृहातून रोवणीपुरता घरी आलो होतो. पेंड्या टाकत बांधावर उभा होतो. गावातून आमगावात शिकायला गेलेला, दोन पुस्तकं जास्त वाचलेला. मी म्हणालो, "माय, उगाच कायले फेकून राहिली? ती बुडून मरते. मी पूरा पायलो." हात थांबले. मामी म्हणाली, "अगे बाप्पा, म्हणजे आतापावतो सांगितल्या त्या समद्याच मेल्या का काय?" एक-दोघी हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. "असन," एवढंच म्हणालीस आणि पुढचं रोप लावलंस. दुपारभर पाण्यात हात घातल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

संध्याकाळी तू चुलीपुढे होतीस. बोडीतल्या मासोळीचं कालवण होतं, मला आवडतं म्हणून केलेलं. ताटात भात वाढताना तू म्हणालीस, "तू खरं सांगितलास. पण बायाइले उद्या आणखी वाकायचं हाये." रागानं नाही, हवापाणी सांगावं तसं. त्यानंतर तू कुठलाच सिनेमा सांगितला नाहीस. काकी मागे लागायची, तू म्हणायचीस, "त्याले विचार, तो पूरा पायते." मी खूप वर्षं समजत होतो की तू रुसली आहेस. तू रुसली नव्हतीस. रांगेसमोर एकदा खोटी ठरलेल्या बाईचा सिनेमा कोण ऐकणार, हे तुला कळलं होतं.

सिनेमाचं वेड मात्र मी तुझ्याकडूनच उचललं. आता जुने सिनेमे फोनवरच दिसतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत मी स्टँडवरच्या बाकावर पाहत बसतो. माझा ड्रायव्हर गोंदियाचा, तो हसतो. "दादा, फिर वही रोना-धोना? पहले इसमें रंग तो भरवा लो." मी त्याला सांगतो की या सिनेमात माणूस पाणी पितो तर पूर्ण पितो, भांडं खाली ठेवेपर्यंत कॅमेरा थांबतो. आजकाल घोट गळ्याखाली उतरायच्या आत तीन गावं दाखवून होतात. आणि हे अलीकडचे मोठे, गाजलेले सिनेमे घे. त्यांत हिरो चालतोच किती! मागे आग, पुढे धूर, कानठळ्या बसवणारं संगीत, आणि तो चालतोय. तेवढ्यात तुमच्या रांगेनं अर्धी बांधी रोवली असती.

पण माय, या वयात मला जुन्यांचाही एक दोष दिसायला लागला आहे. बाई चांगली असली की ती शेवटी मेलीच पाहिजे. ती मेल्यावर नवऱ्याला अक्कल येते, आणि त्याला अक्कल आली की सिनेमा संपतो. मी याला इतकी वर्षं मोठी कला म्हणत आलो. रोज सकाळी देवीपुढे दिवा लावतो, बायको-मुलींसाठी आयुष्य मागतो, आणि दुपारी पडद्यावर बाई बुडाली की डोळे पुसत 'वा' म्हणतो, हे मला कधी खटकलं नाही. तुला ते पाहताच खटकलं होतं. खरं तर न पाहताच.

तर झालं असं, की मागच्या आठवड्यात गोंदियाच्या स्टँडजवळ पोस्टर दिसलं. तीच नदी, तोच दिवा. तो सिनेमा आता नव्यानं केला आहे. बनवणारी तरुण मुलगी आहे म्हणतात. मी शेजाऱ्याची गाडी सांगितली आणि काकीला नि मामीला घेऊन गेलो. तुझ्या रांगेतल्या त्या दोघीच आता उरल्या आहेत. खुर्ची मागे कलली तशी मामी किंचाळली, "अगे बाप्पा, पडून राहिली ना मी!" दोघींनी चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या. मीही काढल्या, मी नेहमीच काढतो. दारावरचा पोरगा बॅटरी मारत म्हणाला, "अम्मा, पहन लो, यहाँ सब पहन के बैठते हैं." काकी म्हणाली, "तुम पैनो बाबू. हमको नई लगती." देव पडद्यावर असतो असं मी म्हणत नाही. पण अंधारात इतकी अनोळखी माणसं एका बाईसाठी श्वास धरून बसतात, तिथं तो क्षणभर येऊन जात असावा.

सिनेमा सगळाच चांगला नाही. संगीत गप्प बसत नाही, सासू फार धुतलेली दिसते, आणि त्या बाईच्या हाताला एक भेग नाही. पण तिचे पाय खरे आहेत. चिखलात आधी बोटं रोवायची आणि मग टाच टेकवायची, हे तिला कोणीतरी नीट शिकवलं आहे. मग ती दिवा घेऊन काठावर आली. आणि माय, काकी नि मामी दोघीही उठून उभ्या राहिल्या. हातात पिशव्या. पाय चपला चाचपडताहेत. "चाल रे, गाडी जाते," काकी म्हणाली.

"काकी, गाडी आपली हाये. आपल्याबिगर नाही जात."

"खरंच?"

"खरंच. बसा."

मागून कोणी म्हणालं, "बैठो ना अम्मा." त्या बसल्या. मामीनं माझं मनगट धरलं. मला पुढचं माहीत होतं, जुना सिनेमा मी फोनवर पुन्हा पाहून घेतला होता. पाणी गळ्याशी येतं, दिवा विझतो. मी मनात देवीला म्हणालो, या दोघींसमोर नको बुडवू. ती पाण्यात उतरली. घोटा. पोटरी. गुडघा. ती थांबते. खाली पाण्याकडे पाहते. मग दिवा या हातातून त्या हातात घेते, लुगडं वर खोचते, आणि चालायला लागते. नवरा हाका मारतो आहे. ती वळत नाही. पाणी गुडघ्याच्या वर येतच नाही.

काकी उभी राहिली. "हेच! हेच सांगितली होती तिनं! गुडघाभर!" सगळी टॉकीज वळली. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "काय झालं, आजी?" काकीनं तिला ठणकावून सांगितलं, "हा शेवट आमच्या जाऊबाईचा हाये. बांधीत सांगितली होती, तुह्यी माय परकर घालत होती तवा." मुलगी हसली आणि टाळ्या वाजवायला लागली, मग तिच्या मैत्रिणी, मग कोणालाच कारण माहीत नसताना बरेच जण. मामी रडत होती आणि माझं मनगट सोडत नव्हती. एक गोष्ट सांगतो, यांच्या सिनेमात पलीकडचा काठ रिकामा आहे. तुझ्या सिनेमात तिथं रोवणी होती, गाणं होतं. तुझा शेवट यांच्यापेक्षा चांगला आहे, हे मी इतके सिनेमे पाहिलेला माणूस म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. आपल्याच बांधीत रोवणी होती. काकीला आता वाकवत नाही, ती बांधावर पोतं टाकून बसली. रांगेतल्या सुनांनी फोनवरचं गाणं बंद केलं आणि काकीनं सिनेमा सांगितला, तुझ्यासारखा, पेंडीला थांबत थांबत. शेवटी पलीकडच्या काठावर तिनं रोवणी घातली, गाणंही घातलं. मग म्हणाली, सिनेमावाल्यांनी ही गोष्ट आपल्या जाऊबाईकडूनच ऐकून नेली. एका सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "खरं का, भाऊजी?" मी हातात पेंडी घेऊन त्याच बांधावर उभा होतो. "खरं," मी म्हणालो. "मी पूरा पायलो."

हा कागद मी देव्हाऱ्यातल्या कापडाखाली ठेवणार आहे, रविवारच्या तीन तिकिटांसोबत. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पुढची ओळ पाठवायचं धाडस झालं नसतं. माय, त्या वर्षी मीही तो शेवट पाहिला नव्हता. वसतिगृहाची हजेरी साडेपाचला व्हायची, तुमच्याही आधी मी उठून गेलो होतो. ती बुडते हे मला चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलं. शेवट तूही पाहिला नव्हतास आणि मीही नाही. तू तिला पार नेलंस, मी बुडवलं.