सैतानाचं कोरं पान

प्रिय पापा,

एकाच छपराखाली राहून ही पोरगी पत्र कसलं लिहिते, असं म्हणाल. म्हणा. समोर येऊन सांगायला लागले की माझ्या तोंडून इंग्रजीच बाहेर पडतं, तुम्ही "ओके, मिहा" म्हणता, 'पोरी' म्हणायला तेवढा एकच शब्द तुमच्या भाषेतला, आणि टीव्हीचा आवाज वाढवता. म्हणून लिहितेय, आणि तेही तुमच्या स्पॅनिशमध्ये. चुका असणारच. पाकू म्हणाली होती, आण इकडे, तपासून देते. मी दिलं नाही. बापाला लिहिलेलं पत्र दुसऱ्याकडून तपासून घ्यायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.

पाकू वांग माझ्या कॉलेजच्या स्पॅनिश वर्गातली. तिचे आईबाप लाओसच्या डोंगरांतून आले, घरी ते ह्मोंग बोलतात, आणि ही नर्सिंग करता करता हौस म्हणून स्पॅनिश शिकते. अंपारो बाईंनी काही विचारायची खोटी, हिचं उत्तर तयार. आणि मी? नाव ग्रिसेल्दा बारागान, तोंडावळा थेट तुमचा, आणि बोलायला उभी राहिले की ततपप. बाई वाईट नाहीत, पण माझं वाक्य अर्ध्यावर अडलं की त्या मान तिरकी करून वाट बघतात, आणि ते वाट बघणं मला सहन होत नाही.

औषधाच्या दुकानात तर रोजचंच. काउंटरपलीकडे मला बघून म्हाताऱ्या खुलतात, गुडघे, साखर, सुनेचा स्वभाव सगळं एका दमात सांगायला लागतात. मी "जरा हळू बोला" म्हटलं की चेहरा पडतो. परवा एकजण सगळ्या रांगेसमोर म्हणाली, "कपाळावर आपल्या मुलखाचा एवढा निवडुंग उगवलाय आणि आपली भाषा बोलता येत नाही होय गं?" रांग हसली. मीही हसले. मला न कळताच हसायची सवय झालीय, पापा. लहानपणापासून तेच करत आले.

रुबेनदादाचं ठाऊक आहे मला. पहिलीत बाईंनी काही विचारलं, त्याने घरच्या भाषेत उत्तर दिलं आणि त्याला मठ्ठ मुलांच्या वर्गात नेऊन बसवलं. त्या संध्याकाळी तुम्ही ठरवलंत की आजपासून या घरात मुलांसमोर फक्त इंग्रजी. तेव्हा मी पाळण्यात होते. तुमचं इंग्रजी तेव्हा मूठभर होतं आणि आजही फार वाढलेलं नाही. द्राक्षांच्या मळ्यात कुणाला लागतंय? म्हणजे आमच्यासाठी तुम्ही जवळजवळ मुकेच झालात. मैत्रिणींना मी सांगायचे, माझे वडील फार गंभीर आहेत, कमी बोलतात. सगळ्यांना पटायचं. मलाही पटलं होतं.

पण स्वयंपाकघराचं दार लावून तुम्ही आणि आई बोलायचात ना, ते मला आठवतं. तुमचा आवाज बारीक होऊन वेगळाच व्हायचा, कुणाची तरी नक्कल केल्यासारखा, आणि मग आई हसायची. दम लागेपर्यंत हसायची. मी दार ढकललं की सगळं थांबायचं. आई डोळे पुसत इंग्रजीत विचारायची, भूक लागली का. मी म्हणायचे, कशाला हसत होतात? "नथिंग, मिहा." आई गेल्यापासून ते दार कधी लागलंच नाही.

असो. कॉलेजचं सांगायचं होतं. स्पॅनिशच्या जोडीला मी नाट्यकलाही घेतली, कारण पाठ केलेलं बोलायला मला जमतं. माझं मला हसू येतंय आता. या वर्षी अंपारो बाई आमच्याकडून नाताळचं नाटक करून घेतायत, गावोगावी करतात तेच: मेंढपाळ बाळ येशूच्या दर्शनाला निघतात आणि सैतान त्यांना वाटेत फशी पाडतो. निवडीच्या दिवशी माझी जीभ एका ओळीवर तीनदा अडखळली. चिडून मी कागद भिरकावला आणि तुम्ही ट्रकला घालता ती शिवी घातली. बाई म्हणाल्या, सापडला सैतान. पाकू देवदूत झाली. दर तालमीला ती माझ्या छातीवर पाय ठेवते आणि एकही चूक न करता मला नरकात पाठवते.

पाठांतर माझं चोख आहे. पण मधे एक पान बाईंनी कोरंच ठेवलंय. वर फक्त एवढं: सैतान लोकांत उतरतो आणि त्यांची खोडी काढतो. पाद्रीबाबाचं पोट, मुकादमाचा नवा ट्रक, कुणाची सासू, जे समोर दिसेल त्यावर तिथल्या तिथे बोलायचं आणि लोक उलट बोलले की त्यांना पुरून उरायचं. मी आठवडाभर बसून विनोद लिहिले, घोकले, म्हणून दाखवले. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "पाठ केलेली खोडी म्हणजे शिळी तोर्तिया, ग्रिसेल्दा." गुरुवारी त्या पुन्हा बघणार. जमलं नाही तर सैतान एव्हारिस्तोकडे. तो धुलाईयंत्रं दुरुस्त करतो आणि कुणाच्याही घरात तासभर बडबडू शकतो. करू दे त्यालाच, असं चिडून मी घरी ठरवलंही होतं.

तेवढ्यात काल तुमचे गावापासूनचे सोबती निकानोरकाका तालमीला आले. तुमच्या गावाहून आणलेला लाकडी मुखवटा नाटकापुरता द्यायला. तुमच्या एवढ्या जवळचे, म्हणून मी तो चढवला आणि त्यांच्यासमोर ते कोरं पान करून दाखवायला लागले. दोन वाक्यांत गाडी रुतली. मुखवटा सैल, आतून घामाचा जुना वास, आणि माझ्या डोक्यात एक शब्द नाही. काका हसले नाहीत. म्हणाले, "एलेउतेरियोची पोर, त्याचाच मुखवटा घालून, आणि गप्प?"

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. त्यांना दोनदा विचारलं. मग त्यांनी हळूहळू, मला कळेल असं सांगितलं. तुम्ही इकडे येईपर्यंत गावचा सैतान तुम्ही होतात. शेजारच्या गावांतून लोक बैलगाड्या भरून फक्त सैतानासाठी यायचे. पाद्रीबाबा पहिल्या रांगेत बसायचे, कारण तुम्ही त्यांना सोडलंत तर त्यांना अपमान वाटायचा. आईला तुम्ही तिथेच गाठलंत म्हणे, गर्दीत तिच्या आईच्या टोपीवर काहीतरी बोलून.

घरी येताना धुक्यात गाडी चालवत मी नुसती धुमसत होते. पापा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी स्वतःला समजावत आले होते. बाप अबोल, लेक अबोल, चालायचंच. आणि आड तर तुडुंब भरलेला होता. पोहरा तेवढा कुणी आत सोडला नाही. मला तुमचा राग आलाय. आमच्या भल्यासाठी केलंत हे कळतं, तरी राग आलाय. रुबेनदादा वकील झाला, मी दुकानात चोख इंग्रजीत औषधं देते, सगळं तुमच्या मनासारखं झालं. पण मुकादम तुम्हाला ओळखतो, निकानोरकाका ओळखतात, मळ्यावर तुमच्या शेजारी वेली छाटणारा नवखाही तुम्हाला ओळखतो. दुपारच्या जेवणाला सगळे तुमच्याभोवती का बसतात ते मला आत्ता कळलं. एक मीच तेवढी परकी.

तुम्हाला नाटकाचं तिकीट दिलं तेव्हा "कॉलेजच्या लोकांत मी काय करू" म्हणालात. नका येऊ, मी आग्रह करणार नाही. एव्हारिस्तोने सैतान केला तरी आता मला फारसं वाटणार नाही. पत्र त्यासाठी नाही. काल मी निकानोरकाकांना विचारलं, पापा नेमकं काय बोलायचे, एक तरी सांगा. ते सांगायला लागले आणि मधेच त्यांना इतकं हसू फुटलं की बोलताच येईना. डोळे पुसत म्हणाले, माझ्या तोंडून मजा नाही, त्याच्याच तोंडून ऐकायला हवं. अर्धंही कळलं नव्हतं मला. तरी त्यांच्याबरोबर मी हसले, आणि गाडीत बसल्यावर रडले. मुखवटा स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलाय, तिथेच हे पत्रही. संध्याकाळी मी आले की टीव्ही लावू नका. दार लावून घ्या, आईशी बोलायचात तसंच बोला, हळू बोलू नका, इंग्रजी तर मुळीच नको. कळलं नाही तर मी हसणार नाही, पुन्हा सांगा म्हणेन. फक्त या वेळी दार लावताना मला आत घ्या.

तुमचीच,
ग्रिस