सड्यावरच्या अंजनीची व्यवस्था

मी, कमला दत्तात्रेय आठल्ये, वय ७४, राहणार हेदवी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर आहे; गुडघे आणि डोळे केव्हाच गेले. कुणी भीड घातलेली नाही. घालणारे थकले, मीही थकले.

१. राहतं घर व आंब्याची बाग थोरला मुलगा उन्मेष याला. बाग त्यानेच राखली, हे मान्य करते. माझ्या आजारपणातून बँकेत काही उरलंच, तर दोघा मुलांनी सारखं घ्यावं.

२. माझं भिंग सून ऋजुता हिला. तिला किड्यांची किळस येते, पण सुईत दोरा ओवायला उपयोगी पडेल.

३. राहिला सड्याच्या कातळालगतचा वरकस, नापीक तुकडा. चैत्रात तिथे अंजनीची झाडं फुलून निळी होतात, कुडा फुलतो. सातेरी मधमाश्या आणि भुंग्यांची नुसती झुंबड असते. कुड्याच्या पांढऱ्या फुलात पांढराच कोळी दबा धरून बसतो. तो दिसायला मला कितीतरी उन्हाळे लागले. संसाराचा वीट आला की मी तिथे जाऊन बसायची. आमचे हे म्हणायचे, या जमिनीचं उत्पन्न काय, तर किडे.

त्यातली बागेकडची अर्धी अंजनी उन्मेषने मला न विचारता तोडली आणि भाताच्या भाजावळीत, रोपांची जमीन भाजायला, जाळली. पुढल्या वर्षी मोहरासाठी मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. मोहर सरला, बागेजवळची अंजनी तोडलेली, उरलेली पुरेना, माश्या निघून गेल्या. त्याने खापर फोडलं पेटीवाल्यावर. मी समजावू गेले, तर म्हणाला, "आई, बागेतलं तुला काय कळतंय?" ते मला फार लागलं. आता भांडायचं त्राण नाही.

४. सबब तो तुकडा धाकटा मुलगा सलिल याला. तो लोट्याला कारखान्यात पाळीवर असतो. रजेवर येतो तो झोपायला. त्याला बोलावून हे सांगितलं. तो म्हणाला, "मी तिथं काहीच करायचो नाही, आई."

"म्हणून तर तुला देत्ये."

अटी घालून कुणी पाळत नाही. माझा भरवसा त्याच्या आळसावर आहे.

५. मला नेताना फुलं घालायचीच, तर बाजारातून आणावीत. तिथली तोडू नयेत. त्यांच्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं.

हे वाचून घेतलं, पटलं, सही केली.

कमला दत्तात्रेय आठल्ये

साक्षीदार:
रावजी गोपाळ मांडवकर, शेजारी
वेदिका अनंत ओक, शिक्षिका

हेदवी, ९ एप्रिल २००३