ज्याची त्याची पात

५ जुलै, शनिवार
आजपासून नववी ‘ब’चा शनिवारचा शेवटचा तास माझा. विषय: प्रगत इंग्रजी शब्दसंपदा. मुख्याध्यापक भगवानराव म्हणाले, “गजेंद्र सर, हा तास गणिताचा होता. तुमी मांगितला म्हणून देला. पोळा झाला का संस्थेचे सचिव शंकरराव येतीन, कोन्याबी पोराले उभं करतीन. जमलं तर तास तुमचा, नाई तर परत गणिताले.” मी म्हणालो, कोणालाही उभं करा.
हे म्हणताना अहंकार होता का, ते घरी येईपर्यंत तपासलं. नव्हता. आत्मविश्वास होता.
संकल्प: रोज आंघोळीआधी डिक्शनरीची पाच पानं. शिक्षक पोरांच्या पुढे हवा.

६ जुलै, रविवार
पानं झाली नाहीत. अक्षर फार बारीक. आधी जळगाव जामोदला जाऊन चष्म्याचा नंबर काढणं जास्त प्रामाणिक.

१२ जुलै, शनिवार
शब्दांची झेरॉक्स वाटली. यादी लांबलचक. गोकुळ म्हणाला, “सर, एवढे? कवापर्यंत?” पोळ्यापर्यंत, मी म्हणालो. पहिल्या बाकावरच्या महामायानं मात्र धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून वावर बघावं तशी यादी वरून खाली बघितली आणि म्हणाली, “होते सर.”
मुलीचा माझ्यावर विश्वास आहे.

१९ जुलै, शनिवार
चमत्कार! (शब्द अतिशयोक्त वाटतो. समाधानकारक.) ‘मॅग्नॅनिमस’ म्हणालो, प्रसेनजितचा हात वर: मोठ्या मनाचा. ‘एफिमरल’, महामायाचा: क्षणभंगुर. ‘टेनेशियस’, गोकुळचा: चिवट. दर शब्दाला एकच हात. कुणी कुणाच्या मध्ये तोंड घालत नाही. एवढी शिस्त बी.एड.ला आमच्यात नव्हती. पोरांवर माझ्या संयमी स्वभावाची छाप पडली असेल का? स्वतःला परखडपणे विचारलं. असेल.

२६ जुलै, शनिवार
गोकुळला ताप. गैरहजर. आज काही शब्दांना एकही हात आला नाही. ‘टेनेशियस’ म्हणालो तर सगळा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला. मागच्या शनिवारी आलेला शब्द! हवा दमट आहे. दमट हवेनं स्मरणशक्ती मंदावते, असं कुठंतरी वाचलंय.

२ ऑगस्ट, शनिवार
गोकुळ आला. हवा तितकीच दमट, पण शब्द आले. शरीराला सवय होते.
एक प्रश्न दिवसभर छळतोय. ‘एफिमरल’चा अर्थ मला माहीत होता का? होता. म्हणजे महामायानं सांगितल्यावर लगेच पटला. पटणं हाही माहीत असण्याचाच प्रकार.

४ ऑगस्ट, सोमवार
चष्मा आला. आता सबब नाही. डिक्शनरी शोधली. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून सौ.नं त्याला लावून ठेवली आहे. ती म्हणाली, “तुमाले लागत नाई म्हणून लावली.” लागते, मी म्हणालो. “मंग काढा.” काढणार होतो. पण वारा होता.

२३ ऑगस्ट, शनिवार
भगवानराव दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “सर, पोरं तं पेटलीच ना!” मी नम्रपणे सांगितलं की ही पद्धत तालुक्यात सगळ्यांना वापरता येईल. नाव: गजेंद्र पद्धत. (खोडलं. शनिवार पद्धत.) वर्गाचा फोटो काढला. प्रसिद्धीसाठी नाही. स्टेटसला ठेवला, तो चोवीस तासांत आपोआप जातो.

३० ऑगस्ट, शनिवार, दुपार
जेवलो नाही. क्रमानं लिहितो.
सचिव शंकररावांनी वर्गात येऊन यादी घेतली. महामायाला उभं करून विचारलं, ‘टेनेशियस’? ती म्हणाली, “तो माह्या पातीतला नाई सर. गोकुळच्या पातीतला हाय.” त्यांनी गोकुळला ‘एफिमरल’ विचारला. “तो महामायाचा,” गोकुळ म्हणाला, आणि मोठ्या मनानं भर घातली, “माह्या पातीतला इचारा ना सर, खट्‌कन सांगतो.”
भगवानराव छताचा पंखा बघू लागले.
पात म्हणजे काय, मीच विचारलं. महामायाला माझंच आश्चर्य वाटलं. “सर, वावरातलं तन निंदाले गेलं का जो तो आपापली पात, म्हंजे आपल्या वाट्याची ओळ, धरते. एकट्यानं सारं वावर निंदते का कोनी? आमी यादीच्या पाती पाडल्या. तुमी म्हनले पोळ्यापर्यंत. झाली ना सारी यादी! काऊन सर, चुकलं का?”
प्रामाणिकपणे बघता वर्गाला सगळे शब्द येत होते. फक्त सगळ्या वर्गाला मिळून.
शंकरराव हसत माझ्याकडे वळले. “बरं, पोरायचं राहू द्या. सर, तुमीच सांगा, ‘मॅग्नॅनिमस’ म्हंजे काय?”
मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “तो प्रसेनजितचा.”

१ सप्टेंबर, सोमवार
तास गणिताला गेला. भगवानराव एवढंच म्हणाले, “बसा सर, च्या घ्या.”
आत्मपरीक्षण. शब्द मी दिले. विचारले मी. उत्तर कोण देणार, ते मात्र हात वर करणाऱ्यानं ठरवलं. म्हणजे चूक विभागून आहे. माझ्या वाट्याची मान्य.
स्टेटस आपोआप गेलं होतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
मधल्या सुट्टीत नववी ‘ब’ शाळेमागच्या चिंचेखाली दिसली. यादी घेऊन बसलेली. तास नाही, मग हे काय? प्रसेनजित म्हणाला, “पाती बदलवून राह्यलो सर. आता याची त्याले, त्याची याले. अशा फिरवल्या का साऱ्यायले सारे येतीन.”
हे मलाही सुचलंच असतं. मी तिथंच होतो, म्हणून महामाया म्हणाली, “सर, तुमीबी धरा एक. लहानच देतो.” नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.
संकल्प: रोज आंघोळीआधी.

२० सप्टेंबर, शनिवार
चिंचेखाली सगळ्यांच्या पाती संपल्या. माझी अर्धी राहिली. कारणं: दोनदा लाइट गेली, आणि डिक्शनरी अजून खिडकीला आहे. गोकुळ ओरडला, “सर मांगं पडले!” मी म्हणालो, मागे पडलो नाही, मी सावकाश पण पक्कं करतो. कुणी वाद घातला नाही. ते जास्त लागलं.
निंदताना एखादी बाई मागे पडली तर पुढे गेलेल्या धुऱ्यावर बसून राहत नाहीत म्हणे. तिच्या पातीत समोरून शिरतात. महामाया यादी माझ्याकडे सरकवत म्हणाली, “तुमी तिकून या सर, आमी इकून येतो.”
मध्ये गाठ पडली ‘टेनेशियस’पाशी. अर्थ गोकुळनं सांगितला.
लगेच पटला.