निश्चित सांगता येत नाही

माय, दोन महिन्यांपूर्वी आमच्या शाळेत बायकांसाठी तपासणीचं शिबिर झालं. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरची काही सुरुवात आहे का, ते बघायचं. मी जळगावला एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे तुला हे ठाऊक नाही. बायकांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. शिपाईबाई, बालवाडीच्या बाई, सगळ्या लाजत होत्या. "मॅडम, आम्हाला काही त्रासच नाही हो," म्हणत होत्या, आणि मी त्यांना समजावत होते, की ही तपासणी त्रास सुरू व्हायच्या आधीच करायची असते. स्वतःचं नाव मात्र मी सगळ्यांच्या खाली लिहिलं, म्हणजे वेळ संपला तर आपण सुटू. वेळ संपला नाही. पाच मिनिटांचं काम होतं. फॉर्मवर एक प्रश्न होता, आईला किंवा बहिणीला कॅन्सर झाला होता का. मी तिथे 'नाही' लिहिलं.

पंधरा दिवसांनी सगळ्यांचे रिपोर्ट एकाच पाकिटातून शाळेत आले. त्यात माझा नव्हता. मला दवाखान्यातून फोन आला, भेटून जा म्हणून. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापासून दवाखाना स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. मला पाऊण तास लागला, कारण वाटेत दोनदा मी गाडी बाजूला लावून नुसती उभी राहिले. डॉक्टर माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. कागद माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "कॅन्सर आहे असं मी म्हणत नाहीये. पण सगळं ठीक आहे असंही लिहिता येत नाही. काही पेशी वेगळ्या दिसताहेत. कशामुळे, ते एवढ्यावरून निश्चित सांगता येत नाही."

"मग आता?"

"आणखी एक तपासणी करू. घाबरून जाऊ नका."

तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं, की माझी आई ह्यानेच गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे आईच्या रक्तातून मुलीत येतं असं नाही. एक विषाणू असतो, तो बहुतेक बायकांना कधी ना कधी होऊन जातो. काहींच्या अंगात मात्र टिकून राहतो आणि वर्षानुवर्षं आतल्या आत काम करतो. मग त्यांनी सहज विचारलं, "आईंना त्रास केव्हापासून होता?" माय, ह्या प्रश्नाचं उत्तर साऱ्या घरात फक्त मला माहीत होतं.

धुळ्याला तू जिनिंगमध्ये जायचीस, कापूस निवडायला. त्या संध्याकाळी आपल्याला बाजारात जायचं होतं म्हणून मी परस्पर शाळेतूनच तुझ्या गेटवर आले आहे. सुट्टी झाली आहे. बाया एकेक करून बाहेर पडताहेत आणि मुकादम प्रत्येकीची पिशवी बघतो आहे. तुझ्या पिशवीत काही नाही. पण तू चप्पल घालायला वाकतेस आणि कमरेला खोचलेल्या पदरातून रुईचा एक पुंजका खाली पडतो. मुकादम तो उचलतो, सगळ्यांना दिसेल असा वर धरतो.

"हे काय?"

"गोधडीकरता लिधी, भाऊ."

"एवढ्याशा रुईची गोधडी? कोणासाठी, मांजरीच्या पिल्लासाठी?" तो हसतो, रांगेतल्या बायाही हसतात. मग हसू पुसून तो म्हणतो, "चोरी ती चोरीच. आठ दिवस येऊ नको." तू मान खाली घालून उभी आहेस, आणि मी, तुझी मुलगी, हळूहळू मागे सरकत पानटपरीच्या आडोशाला जाते.

घरी जाताना मी तुला वाट्टेल ते बोलले. माझ्या वर्गातल्या दोघींच्या आया तिथेच कामाला होत्या. उद्या कोणतं तोंड घेऊन वर्गात बसू, असं मी विचारलं. तू बाजाराकडे न वळता सरळ चालत राहिलीस. घरी आल्यावर मात्र मला मोरीत बोलावलंस आणि दार लोटून घेतलंस. बादलीत तुझा परकर भिजत घातलेला होता. पाणी लाल होतं. घरातली जुनी पातळं फाडून फाडून संपली होती, म्हणून तू रुई आणत होतीस. रोज मूठभर. मी विचारलं, किती दिवसांपासून? तू म्हणालीस, दिवाळीपासून. तेव्हा होळी तोंडावर आली होती. "तुन्हा बापले सांगू नको," तू म्हणालीस. "कोनलेच सांगू नको."

मी नानांना नाही सांगितलं, कुणालाच नाही. खरं सांगू का, त्या दिवशी मला हलकंच वाटलं होतं, की आपली आई चोर नाही. पंधरा वर्षांची होते मी. बायकांचं काहीतरी असेल, आपोआप थांबेल, असं वाटलं. मी वह्या-पुस्तकांच्या पैशांतून वाचवून तुला दुकानातला कापसाचा गुंडाळा आणून द्यायचे, वर्तमानपत्रात बांधून, आणि तू तो धान्याच्या कोठीमागे ठेवायचीस. आपल्या दोघींचं ते गुपित मला आवडायचंसुद्धा. दिवाळी परत आली तेव्हा तू कापसाच्या ढिगावरच कोसळलीस. मोठ्या दवाखान्यात नाना तुझ्या पायथ्याशी उभे होते आणि डॉक्टर त्यांच्यावर ओरडत होते, "इतके महिने काय करत होता तुम्ही?" नाना माझ्याकडे बघत होते, काही कळत नसल्यासारखे. मी भिंतीकडे बघत होते. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि आता तेही नाहीत.

पुढचं सगळं सोनगीरला, मामाच्या घरी. मागच्या खोलीत तुझी खाट. मामी दारात सतत उदबत्त्या लावायची. तू मला आत येऊ द्यायची नाहीस. वासाची लाज वाटायची तुला. मी उंबऱ्यात बसून अभ्यास करायचे आणि आतून तुझं कण्हणं ऐकू यायचं. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता आठ वर्षांनी मोठी आहे.

दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज तुझ्यासारखी मेले. बाथरूममध्ये जाऊन दहा-दहा वेळा बघायचे, डाग दिसतो का. शाळेत एका मुलीच्या दाखल्यावर जन्मतारखेऐवजी माझ्या तपासणीची तारीख लिहिली. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत बोलले, तेही मला लांबून कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं. रिपोर्टमध्ये तो विषाणू निघाला. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्यालाही आत बोलावून समजावलं, की हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि कधीचा आहे ते सांगता येत नाही. तो हेल्मेट मांडीवर घेऊन पंख्याकडे बघत बसला होता. घरी आल्यावर म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे?" मी म्हटलं, कोणामुळे ते शोधण्यात अर्थ नाही असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासून ठेवली, आणि जाताना म्हणाला, "पण उगाच गावभर करू नको." वाईट माणूस नाही तो.

मग धुळ्याला जावं लागलं, दुर्बिणीतून तपासायला आणि आतला तुकडा काढायला. एसटीने गेले, एकटीच. तुकडा काढताना दुखलं, फार नाही. परवा त्याचाही निकाल आला. कॅन्सर नाही. त्याच्या आधीची पायरी आहे. तशीच ठेवली तर काही वर्षांनी तो होऊ शकतो. तेवढा भाग काढून टाकायचा, की झालं. मग दर सहा महिन्यांनी दाखवायचं. "वीस मिनिटांचं काम आहे," डॉक्टर हसून म्हणाल्या, "त्याच दिवशी घरी. वेळेत आलात." मीही हसले. बाहेर आले आणि बाकावर बसून राहिले. शेजारच्या बाईने पाणी दिलं, तिला वाटलं वाईट बातमी आहे. वीस मिनिटं, माय. तुझ्या वेळी कुणी वेळेत बघितलं असतं, मी तोंड उघडलं असतं, तर तुझंही वीस मिनिटांतच झालं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

येत्या बुधवारी त्यासाठी परत धुळ्याला जायचं आहे. सोबत कोण येणार, त्याचं नाव आणि फोन नंबर फॉर्मवर लिहायचा होता. मी माझ्या मुलीचं नाव लिहिलं. ती धुळ्यालाच शिकते, हॉस्टेलवर राहते, एकवीस वर्षांची आहे. आज रविवार. ती सकाळपासून रूमवरच असणार, आणि फोन माझ्या हाताशीच आहे. सकाळपासून मी हे तुला लिहीत बसले आहे, माय, कारण हे संपेपर्यंत तिला फोन करावा लागत नाही. तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.