मांडणीला हात लावू नये

दिनांक ३० नोव्हेंबर

प्रिय पत्नीस,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे. घर नीटनेटके आहे, कपाटे लावून झाली. तुझे ग्रंथालयाचे सभासदत्व रद्द करण्यास गेलो, तेव्हा तेथील बाईंनी वही पाहून सांगितले, की ते तीन वर्षांपूर्वीच संपले आहे. मग दर गुरुवारी ग्रंथालयात म्हणून तू कोठे जात होतीस? आठवडाभर तोच प्रश्न डोक्यात होता. मनात नको ते विचार आले. ते येथे लिहीत नाही.

मग चित्रकला शिकवणाऱ्या एका मास्तरांचा फोन आला. "ताई गेल्याचं आजच कळलं. महिनाअखेर जागा सोडायची आहे. त्यांचं सामान तेवढं न्या."

दुसऱ्या मजल्यावरील त्या खोलीत, खिडकीशी एका लहान टेबलावर फुटली म्हणून तू सांगितलेली आपली निळी किटली होती. शेजारी आतून रिकामी केलेली दोन अंडी आणि एक पांढरा रुमाल. प्रत्येक वस्तूभोवती खडूची रेघ. रुमाल वाकडा होता, म्हणून मी हात पुढे केला.

"अहो, हात लावू नका!" मास्तर ओरडले. "केसभर हललं तरी सावली बदलते. ताईंच्या घरी एक आवराआवर खातं आहे म्हणे, मांडलेलं काही टिकूच देत नाही. आपण ताईंचे कोण?"

"मीच ते खाते," मी म्हणालो. मास्तरांनी जीभ चावली.

मग भिंतीकडे पाहिले. एकोणीस चित्रे. प्रत्येकात तीच किटली, तीच अंडी, तोच रुमाल.

आता लिहिलेच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी जेवणाच्या टेबलावर तू चित्रासाठी हीच मांडणी केली होतीस. तू आंघोळीला गेलीस, तेवढ्यात मी किटली घासून फळीवर ठेवली, रुमालाची घडी केली आणि अंड्यांचे ऑम्लेट केले. वर तुलाच विचारले, "मीठ बरोबर आहे ना?" तू "हो" म्हणालीस आणि रंग गुंडाळलेस. मला वाटले, हौस फिटली. मला बरेही वाटले होते.

"तो सकाळचा उजेड त्यांना परत सापडेना," मास्तर म्हणाले. विसावे चित्र अर्धेच होते.

ते पुरे करण्याचा मला अधिकार नाही. मात्र मला शिकवावे, अशी विनंती मी केली. तीन आठवडे रोज तुझ्या स्टुलावर बसलो. डोळे किलकिले करून पांढऱ्या रुमालाच्या सावलीत निळा रंग शोधला. माझे पहिले अंडे पाहून मास्तर म्हणाले, "बटाटा झकास जमलाय." किटलीच्या कानाला तडा आहे, हे मला या वयात कळले.

आज जागा सोडायची होती. "आवरा," मास्तर म्हणाले. जन्मभर केलेले काम, पण हात उठेना. अखेर आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी टेबलच आहे तसे उचलले. जिन्याच्या वळणावर एक अंडे घरंगळले; मी ते छातीने अडवले. घरी आल्यावर ते त्याच्या रेघेत ठेवले. टेबल आता पूर्वेच्या खिडकीशी आहे. तेथे कोणी काही आवरणार नाही.

क्षमा कोणत्या शब्दांत मागावी, हे मी कधी शिकलो नाही.

तुझा,
अजून न सावरलेला पती

ता. क. तुझी वीसही चित्रे घरी आणली आणि मास्तरांच्या रिकाम्या खोलीचे दार कुलूपबंद केले. किल्ल्या मास्तरांकडे परत दिल्या.